दीड पान रूप

म्हशाच्या जत्रेत बैलांची दलाली करणारा तो माणूस मला दरवर्षी भेटे. बैलाची शिंगं, दात, खूर, पाठीवरचा भोवरा, सगळं तो एका दमात सांगे आणि पान थुंकून म्हणे, "बोला!" मी मुरबाडला मास्तरकी करून मासिकांत गोष्टी लिहीत असे. त्याच्या वर्णनाचा मला हेवा वाटे.

एकदा त्याला नवी गोष्ट वाचून दाखवली. लढाईच्या दिवसांत कागद मिळत नसतानाही मी नायिकेच्या रूपावर दीड पान खर्चलं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, पोरगी इकायची हाय का?"

मला राग आला. वर्णनाशिवाय माणूस दिसणार कसा, असं मी त्याला सुनावलं.

दुसऱ्याच दिवशी त्याचा स्वतःचा बैल दावं तोडून गर्दीत हरवला. दवंडीचा मजकूर लिहून घ्यायला तो जत्रेतल्या माझ्या राहुटीत आला. मी टाक दौतीत बुडवून विचारलं, "रंग? शिंगं?"

तो चक्क अडखळला. "तसं बैल लय हायत. लिवा, मी खोकलो का तो मान वळवतो."

"असं लिहून बैल सापडायचा नाही."

"मंग नका लिवू," म्हणत तो उठला आणि गुरांच्या गर्दीतून खोकत खोकत फिरू लागला. दिवस मावळायच्या आत बैल घेऊन परतला.

घरी येऊन मी ते दीड पान खोडलं. त्या जागी काय लिहावं ते सुचेना. माझी नायिका कशाने मान वळवते, हे मला ठाऊकच नव्हतं.