पाच गोल खाल्ल्यानंतरची बिअर

मॅडमनी फोन टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"डॉक्टर, हे घड्याळ तुमचं आहे ना?"

फोटोत ओंकार पवळे होता, आमच्या फुटबॉल टीमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला, हातात बिअरचा ग्लास, हसताना टिपलेला. त्याच्या खांद्यावर एक हात होता. हात कुणाचा ते फोटोत येत नव्हतं, पण मनगटावरचं चौकोनी काळं घड्याळ स्पष्ट दिसत होतं.

"माझंच," मी म्हणालो.

"तुमचं नंतर बघू. शनिवारी आपण पाच-शून्य हरलो. त्याच संध्याकाळी ही पार्टी. रविवारी फोटो सगळीकडे. आणि काल ह्याचा एमआरआय येतो, स्नायू फाटलाय. मला तुमच्याकडून एकच गोष्ट लिहून हवी आहे. दारूने दुखापत वाढली का?"

मॅडम आमच्या क्लबच्या सीईओ. वाईट बाई नव्हेत. पाठीराखे चिडले होते, मालक चिडले होते आणि कुणावर तरी कारवाई झालेली सगळ्यांना बघायची होती. आमच्याकडे करार असा असतो की खेळताना दुखापत झाली तर उपचार क्लब करतो आणि खेळाडूला सीझन संपेपर्यंत काढता येत नाही. पण दुखापत त्याच्या बेशिस्तीमुळे झाली किंवा वाढली असेल तर करार मोडता येतो. म्हणजे ओंकार राहणार की जाणार, हे माझ्या एका वाक्यावर ठरणार होतं.

मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. वीस वर्षं पुण्यात हॉस्पिटलात काढली, गेली चार वर्षं या फुटबॉल क्लबात आहे. आमचं मैदान आणि पोरांच्या खोल्या पुण्याबाहेर, चांदे गावाच्या पुढे आहेत. सामने पुण्यातल्या स्टेडियमवर होतात.

माझ्या खोलीबाहेर एक पांढरा बोर्ड होता. त्यावर प्रत्येक खेळाडूचं नाव आणि नावापुढे एक गोल मॅग्नेट. हिरवा म्हणजे फिट. पिवळा म्हणजे सराव करेल, पण जपून, मॅच नको. लाल म्हणजे बाहेर. रोज सकाळी आठला मी पोरांना तपासायचो आणि मॅग्नेट लावायचो. नऊला कोच येऊन बोर्ड बघायचे आणि टीम ठरवायचे. वहीत काही लिहायची पद्धत नव्हती. बोर्ड बघितला की काम झालं. कालचा रंग कोणता होता, हे आज कुणालाच सांगता येत नसे.

शनिवारी सकाळी ओंकार माझ्या तपासणीच्या टेबलावर पालथा झोपला होता.

"डॉक्टर, उजवीकडं मागनं जरा वढतंय."

मांडीच्या मागचा स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग. धावताना सगळ्यात जास्त तोच फाटतो. तपासायची रीत सोपी आहे. गुडघा दुमडायला सांगायचं आणि टाचेवर हात ठेवून उलटा जोर लावायचा. डाव्या पायाने ओंकारने माझा हात ढकलला. उजवा पाय माझ्या हाताखाली थरथरला आणि खाली गेला.

मी पिवळा लावला.

नऊला कोच आले. कोच गोव्याचे, बोलायला कमी. आमचा दुसरा लेफ्ट बॅक आधीच्या मॅचमध्ये पंचांनी दाखवलेल्या दोन पिवळ्या कार्डांमुळे त्या मॅचला बाहेर होता. आधीच्या महिन्यात मी दोघांना पिवळा लावून बसवलं होतं आणि दोघंही दुसऱ्या दिवशी टणाटण उड्या मारत होते. त्यावरून कोचनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "डॉक्टर, तुम्ही ट्रॅफिक पोलीस व्हायला पाहिजे होतं." पोरं हसली होती. मीही हसलो होतो. ते मला लागलं होतं, हे तेव्हा कबूल केलं नाही, आज करतो.

कोच बोर्डापुढे उभे राहिले. "पवळे. नव्वद मिनिटं. येस ऑर नो?"

मी ओंकारकडे बघितलं. त्याने होकारार्थी मान हलवली. खेळणारा माणूस एवढ्यावर नाही म्हणत नाही. पौडच्या पुढच्या माले या गावातून असा खेळणारा तो पहिलाच होता आणि त्याच्या गावातून मॅच बघायला दोन गाड्या भरून लोक येणार होते.

"येस," मी म्हणालो आणि मॅग्नेट बदलला. हिरवा लावताना टक् असा आवाज झाला. तेवढंच.

पहिला गोल अठराव्या मिनिटाला, ओंकारच्या बाजूने. त्यांचा विंगर, कडेने चढाई करणारा, त्याला मागे टाकून गेला. दुसरा तसाच. तिसऱ्यानंतर गावाकडून गाड्या भरून आलेली माणसं शांत झाली. सत्तराव्या मिनिटाला ओंकारने धावता धावता मांडी मागून धरली आणि वाकला. आमचे सगळे बदली खेळाडू वापरून झाले होते. त्याने माझ्याकडे बघून हात हलवला, काही नाही असा. शेवटची वीस मिनिटं तो लंगडत खेळला. आणखी दोन गोल झाले.

ड्रेसिंग रूममध्ये कुणी बूट काढत नव्हतं. आमचा गोलकीपर टॉवेलमध्ये तोंड घालून बसला होता. कोच म्हणाले, "सोमवारी बोलू," आणि गोव्याच्या विमानासाठी निघाले.

मग कॅप्टन संग्राम माझ्याकडे आला. कोल्हापूरचा, बत्तीस वर्षांचा, टीममधला सगळ्यात थोरला.

"डॉक्टर, आज पोरांस्नी खोलीत कोंडू नका. भित्ताकडं बघत बसत्यात आणि मोबाईलवर शिव्या वाचत बसत्यात. ओंक्याच्या चुलत्याची जागा हाय मालेत. दोन तास बसू, चिकन-भाकरी खाऊ, एकेक बिअर घेऊ, परत येऊ."

"पाच गोल खाऊन बिअर? लोक काय म्हणतील?"

"जिंकून पिलो तर पार्टी, हरून पिलो तर लाज. पोटात जातंय ते तेच की, डॉक्टर."

कोच नसले की परवानगी माझ्याकडे असते. मी दिली. बसमध्ये मीही बसलो.

पिरंगुट, पौड मागे टाकून पाच-साडेपाचला आम्ही मालेत पोचलो. चांगलं ऊन होतं. शेताच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या. पहिला अर्धा तास कुणी बोललं नाही. मग गोलकीपर म्हणाला, "चौथा माझा होता, बाकीचे तुमचे वाटून घ्या." कुणीतरी म्हणालं, "नाही, चौथ्याला मी पण होतो, माझं नाव का वगळता?" आणि सगळे हसले. त्यानंतर दीड तास पोरं बोलत होती. कोण कुठे चुकला, कुणी कुणाला हाक मारली नाही, दुसऱ्या हाफमध्ये कोण घाबरला होता. मिटिंगमध्ये यातलं एक वाक्य कुणी बोललं नसतं. मी चार वर्षांत या टीमला इतकं खरं बोलताना ऐकलं नव्हतं.

ओंकार माझ्या शेजारी होता. पाय पुढे दुसऱ्या खुर्चीवर. त्याने एक ग्लास संपवला, दुसरा घेतला.

स्नायू दुखावला असेल तर पहिले दोन-तीन दिवस दारू घेऊ नये. आत रक्त साचतं, सूज वाढू शकते. हे मी शिकाऊ फिजिओंना शिकवलेलं आहे. मी त्याच्या हातातला ग्लास काढून घ्यायला हवा होता. पण काढून घेतला असता तर का, ते सांगावं लागलं असतं. मग कुणीतरी विचारलं असतं, सकाळी काय होतं? मी ग्लास घेतला नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो तेव्हाचाच आहे.

ओंकार हळूच म्हणाला, "डॉक्टर, मी सकाळी नीट सांगायला पायजे होतं. तुमी मनाला लावून घेऊ नका."

त्याने नीट सांगितलं होतं.

तर मंगळवारी मॅडमसमोर मी बसलो होतो. कोचही होते, खिडकीजवळ.

"दारूने सूज वाढू शकते," मी म्हणालो.

हे वाक्य खरं आहे, कुठल्याही पुस्तकात मिळेल. खोटं बोलायला मला खोटं वाक्य लागलं नाही.

"तेवढंच लिहून द्या," मॅडम म्हणाल्या. मी लिहून दिलं. खाली सही केली आणि बाहेर आलो.

गेटजवळच्या बाकावर ओंकारचे वडील बसले होते. पवळे आण्णा. मालेत भातशेती करतात, पोराच्या प्रत्येक मॅचला येतात, स्टेडियममध्येही डोक्यावरची टोपी काढत नाहीत. मला बघून उठले.

"डॉक्टर, तुमचीच वाट बघतुया."

"बसा ना, आण्णा."

"न्हाई, बसायला न्हाई आलो. एक इचारायचं हाय. गावात लोक म्हनत्यात, पवळ्याचं पोरगं दारू पिऊन तंगडं मोडून बसलं. आमच्या घरात आजवर कुनी प्यालं न्हाई. मी काल त्याच्या कानफटात मारली. सव्वीस वर्साच्या पोराला. त्याच्या आईसमोर."

आण्णांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"त्यो एक शबूद बोलला न्हाई. खाली मान घालून बसला. रातभर मला डोळा लागला न्हाई. तुमी शिकलेली मानसं. तेवढं सांगा, दारूनं फाटलं का? फाटलं आसंल तर मारली ती बरूबर मारली. नसंल तर मला त्याच्याम्होरं जायला तोंड न्हाई."

ओंकारला एका वाक्यात सुटता आलं असतं. सकाळी डॉक्टरांनी पिवळा लावला होता, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. वडिलांचा मार खाऊनही तो ते बोलला नव्हता.

"दारूनं नाही फाटलं, आण्णा," मी म्हणालो. "मॅचमध्ये फाटलं. सकाळीच पाय दुखत होता, त्याने मला सांगितलं होतं. मी तपासला होता. खेळायला नको होता, तरी मी उतरवला."

आण्णा एक पाऊल पुढे आले. मला वाटलं, आता मलाही एक बसेल. बसली असती तर बरं वाटलं असतं.

"आन आत काय सांगितलं तुमी?"

"वेगळं सांगितलं."

"मंग हितं माझ्यापाशी काय उभं ऱ्हायलाय? जावा की आत."

मी आत गेलो. मॅडम फोनवर होत्या. मी उभाच राहिलो. फोन ठेवल्यावर सगळं सांगितलं: टेबलावरचा पाय, पिवळा, हिरवा, सत्तरावं मिनिट, आणि दुसरा ग्लास मी का काढून घेतला नाही ते. सांगायला तीन-चार मिनिटं लागली असतील.

"ह्याला पुरावा काय?" मॅडमनी विचारलं. "बोर्डावर तर शनिवारचं आज काहीच नाही."

"काही नाही. मी सांगतोय तेवढंच."

"मग कदाचित तुम्ही पोराला वाचवायला सांगताय."

खिडकीजवळून कोच म्हणाले, "मी बघितला होता."

मॅडम वळल्या.

"मी शनिवारी लवकर आलो होतो. सव्वाआठला. बोर्ड बघितला, पवळे यलो होता. मग मी चहा प्यायला गेलो आणि नऊला परत येऊन डॉक्टरला विचारलं. मला येस पाहिजे होतं."

हे त्यांनी सांगायची काही गरज नव्हती. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. त्यांची नोकरी माझ्यापेक्षा जास्त डळमळीत होती.

मॅडमनी माझा कागद माझ्यापुढे ठेवला. "हा फाडा. दुसरा लिहा. आणि ह्या वेळी पूर्ण लिहा."

ओंकारचा करार राहिला. उपचार क्लबने केले. मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या फाइलमध्ये आहे. ती कमी होती, असं मला अजून वाटतं. मॅडमनी नवा नियम काढला: मॅचनंतर दोन दिवस कुणी दारू घ्यायची नाही. दुखापत झालेल्याला तो मी आता सक्तीने लावतो. बाकीचे तो किती पाळतात, हे मी विचारत नाही. बोर्डाशेजारी आता एक वही आहे. खेळाडू स्वतःचा मॅग्नेट स्वतः लावतो, वहीत रंग लिहितो आणि सही करतो. बदलायचा असेल तर त्यानेच बदलायचा, आणि का, ते लिहायचं.

आण्णा त्या दिवशी मला न भेटताच गेले. नंतर ओंकारने सांगितलं की त्या रात्री ते त्याच्या शेजारी जेवायला बसले. जेवताना आपल्या ताटातला रस्स्याचा वाडगा उचलून त्याच्या ताटात ठेवला फक्त.

हरल्यावर खेळाडूंनी प्यावं का, असं मला लोक लग्नाकार्यात गाठून विचारतात. फिजिओ म्हणून उत्तर सोपं आहे: शरीराला काही फायदा नाही, दुखापत असेल तर मुळीच नको. पण मालेतल्या त्या दीड तासाने टीमचं नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. पुढच्या मॅचला पोरं एकमेकांना हाका मारत खेळली. आमचं नुकसान सकाळी नऊला झालं होतं, आणि तेव्हा आम्ही सगळे शुद्धीवर होतो.

दहा आठवड्यांनी ओंकार परतला. पहिल्या मॅचच्या सकाळी तो बोर्डापुढे बराच वेळ उभा होता. मग पिवळा उचलून लावला, वहीत लिहिलं आणि सही केली. नऊला कोच आले. बोर्ड बघितला, वही बघितली, माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. ओंकारला बाकावर बसवून टीम लावली.

ती मॅचही आम्ही हरलो, दोन-एकने. संध्याकाळी पोरं मालेला गेली. मीही गेलो. ओंकारने लिंबू सरबत घेतलं.