वय एका वर्षाने कमी

"अर्ज परत आला," दादा म्हणाला आणि कागद वडिलांच्या पाटाशेजारी ठेवला. "मॅट्रिकला सोळा पुरी लागतात. मला पंधराच आहेत म्हणे."

"सोळा झाली तुला," आई चुलीजवळून म्हणाली. "तुला मी जन्म दिलाय की शाळेने?"

"शाळेत पंधरा लिहिलीत, आई."

वडिलांनी ताटातला घास उचलला नाही. मॅट्रिक झाल्याशिवाय कॉलेजात घेत नसत आणि दादाने कॉलेजखेरीज कशाचाच विचार केला नव्हता.

चूक वडिलांची होती. दादाच्या आधीचे दोन मुलगे गेले होते. राहिलेल्या मुलाचे खरे वय सांगितले तर दृष्ट लागते, म्हणून शाळेत घालताना त्यांनी ते एका वर्षाने कमी सांगितले. पुढे मास्तरांनी दादाला एक इयत्ता गाळून वर चढवला, तेव्हा ठाण्यातल्या आमच्या आळीत त्यांनीच पेढे वाटले. तेव्हा दृष्ट आठवली नाही. ती इयत्ता गाळली नसती तर दादा वर्षाने मागे राहिला असता आणि कागदावरचे वयही आपोआप भरले असते.

दुसऱ्या दिवशी वडील दादाला घेऊन, जन्मपत्रिका काखेत मारून हेडमास्तरांकडे गेले. तिथे काय झाले ते दादाने सांगितले. हेडमास्तर म्हणाले, "पत्रिका खरी असेल. पण दाखल्यावर सही तुमची आहे. तुम्ही सरकारी कचेरीत कारकून. खोटे वय लिहून दिले असे मी वर कळवू का?"

वडिलांनी पत्रिका परत आणून पेटीत ठेवली. दादाला म्हणाले, "पुढच्या वर्षी बस."

"मग दोन वर्षांचे एका वर्षात कशाला केले मी?" दादाने विचारले.

मला चौथीनंतर शाळेतून काढले होते. रिकामा बसलेला दादा मला गणिते घालू लागला. मी अवघड गणित सोडून पुढचे घेतले की म्हणे, "मधले गाळू नकोस, बये. माझे काय झाले बघतेस ना?"

त्याच वर्षी गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. आळी रिकामी केली आणि आम्ही कोपरीकडच्या शेतात झोपडी बांधून राहिलो. दादाने पुस्तकांचे गाठोडे बरोबर घेतले होते. त्याच्या काखेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला.

आई जन्मभर म्हणत राहिली, त्या वर्षी कॉलेजात गेला असता तर वाचला असता. कॉलेज मुंबईत होते आणि तिथे आमच्याआधीपासून माणसे मरत होती. हे मी तिला सांगितले नाही. वडिलांनाही काही म्हटले नाही. त्यांनी पेन्शन होईपर्यंत त्याच कचेरीत नोकरी केली.

झोपडीत आम्ही चौघे गेलो होतो. आई, वडील आणि मी परत आलो.