तेलात कालवलेलं औषध

"मुरू दे," असं म्हणत तेलीकाका समोरच्याच्या मनगटावर तेलाचं बोट ओढायचे. गिऱ्हाईक असो नाहीतर पोस्टमन. मग त्याचाच हात त्याच्या नाकाशी नेऊन म्हणायचे, "घे वास. आता बोल, काय काम हाय?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ज्यांच्या प्रेमाचा आणि रागाचा हात एकच असतो. मला त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

निडीजवळच्या आमच्या गावात शनवार तेल्यांचं, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यू तेल्यांचं, ते शेवटचं घर. बाकीचे सगळे इस्राएलला निघून गेले होते. काकांचे दोन्ही मुलगेही तिकडेच. मुलगे सारखे बोलवायचे आणि काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "बैल हाय तवर मी हाय. विमानात बैल घेत नाय."

बैलाचं नाव मोत्या. लाकडी घाण्याला तो एकटाच. शनिवारी काकांची सुट्टी, तशी मोत्याचीही. एका शनिवारी कुणाची तरी गाडी ओढ्यात रुतली, म्हणून गाडीवाला काकांना न विचारता मोत्याला सोडायला लागला. काकांनी पेंडीची ढेप फेकून मारली. कपाळ फुटलं. दुसऱ्या दिवशी काका तेलाची वाटी घेऊन त्याच्या घरी कपाळ चोळायला हजर! "बोंबलू नको, मुरू दे."

आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. रोह्याच्या गाडीला निघाले की ओट्यावरून हाक यायची, "काय गो म्याडम, काल काय शिकवलं?"

"मागणी आणि पुरवठा."

"त्याला कॉलेज कशाला? हितं बस. मागणी रोज येते, पुरवठा मोत्या करतो."

त्या वर्षी गुरांना गोचीड फार झाले होते. कानात, कासेला, शेपटीखाली, जिथे बघावं तिथे. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला पेंढा पेटवून त्यावरून गुरं उडवतात. त्याआधी त्यांना धुवून, शिंगं रंगवून नटवायचं. म्हणून बाबांनी आदल्या दिवशी रोह्याहून गोचिडाचं औषध आणलं. बादलीभर पाण्यात एक झाकण टाकायचं आणि फडक्याने पुसून घ्यायचं, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

काका हसले. "पाण्यानं काय व्हतंय? म्हशीनं शेपूट हलवलं का उडालं. तेलात कालव. मुरंल पण आणि ढोर कसं चकाकंल!"

बाबांनाही ते पटलं. तेल काकांचं, औषध आमचं. काकांनी कोमट तेलात औषध घोटलं. आधी मोत्याला चोळलं, मग आमच्या म्हशीला. उन्हात दोन्ही जनावरं अशी चमकत होती की येणारा-जाणारा थांबून बघत होता.

दुपारपर्यंत मोत्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. मग कातडी थरथरू लागली, आतून कुणी टोचत असल्यासारखी. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. पातळ शेण. तो चार पाय ताठ करून उभा राहिला आणि भिंत कोसळावी तसा कुशीवर आदळला.

म्हशीच्या तोंडाला फेस आलेला दिसला तेव्हा बाबांना कळलं. त्यांनी घाण्याशेजारचा दांडा उचलला.

"माझ्या म्हशीला इख चोळलंस तू!"

पहिला दांडा काकांच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. काका खाली बसले, तसेच उठले आणि डोकं खाली घालून बाबांच्या पोटात घुसले. दोघे पेंडीच्या भुग्यात लोळत होते, एकमेकांचे कान ओढत होते, आणि तशातच काका ओरडत होते, "मार नंतर! आधी तेल काढ! साबण आण गो, साबण!"

मी आणि आई घागरी ओतत होतो. पाणी कातडीवरून थेंबाथेंबांनी घरंगळून जात होतं, तेल जागचं हलत नव्हतं. घरातला सगळा साबण घासला, राख चोळली. घेरी यावी असा औषधाचा वास हाताला येत होता.

शेजारचा सायकलवरून जाऊन गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी बाटली बघितली आणि पेटी उघडली. "अहो, पाण्यातलं बरंचसं कातडीवरच राहतं. तेलातून ते आत गेलं. माझ्याकडची इंजेक्शनं एकाच मोठ्या जनावराला पुरतील."

 मग काकांनी धड असलेल्या हाताने डॉक्टरांची कॉलर धरली. "माझा बैल! आधी माझा बैल!" बाबांनी दुसऱ्या बाजूने डॉक्टरांचा खांदा धरला. शर्ट टरकन फाटला.

"सोडा!" डॉक्टर किंचाळले. "बैल गेल्यात जमा आहे. म्हैस अजून उभी आहे. भांडलात तर दोन्ही जातील."

काकांनी कॉलर सोडली. त्यांचं मन मोठं होतं म्हणून नाही. डॉक्टरांनी त्यांना ढकललंच. डॉक्टर म्हशीच्या मानेत एकामागून एक सुया टोचू लागले. काका रांगत मोत्याकडे गेले. मोत्याला झटके येत होते आणि प्रत्येक झटक्याला त्याचं डोकं दगडी जोत्यावर आपटत होतं. काकांनी आपली मांडी मधे घातली. शिंग मांडीत घुसलं. ते ओरडले, पण मांडी काढली नाही. पुढचे सगळे फटके त्या मांडीवरच बसले. मोत्या शांत झाला तेव्हा दोघांच्या रक्ताने आणि तेलाने जोतं निसरडं झालं होतं.

आमची म्हैस वाचली. पाडव्याला ती आगीवरून उडाली नाही, नुसती गोठ्यात मान टाकून उभी होती. बाबाही तिच्याशेजारी तसेच.

मुलांनी कळवलं, आता तिकीट काढतो. काका या वेळी नाही म्हणाले नाहीत. थोड्याच महिन्यांत ते इस्राएलला गेले. घाण्यावर ताडपत्री टाकली होती, ती पुढे कुणीतरी नेली. मुंबईहून कुणीतरी सांगत आलं की ते तिकडे फारसे बोलत नाहीत. खरं-खोटं मला माहीत नाही.

पण जाण्याआधीचा एक शुक्रवार मला विसरता येत नाही. शुक्रवारी तिन्हीसांजेला, शनिवार लागण्याआधी, त्यांच्या घरात दिवा लागायचा, तो स्वतःच्या घाण्याच्या तेलाचाच. त्या दिवशी तेल संपलं होतं. दुकानातलं आणून देते म्हटलं, तर माझ्यावर खेकसले. बाबा अंगणातून ऐकत होते. दांड्याच्या दिवसापासून दोघे एक शब्द बोलले नव्हते. बाबा मुकाट आत गेले, घाण्यात तीळ ओतले, मोत्याच्या जूला आपला खांदा लावला आणि घाणा ओढायला लागले. तीळ करकरू लागले. गळ्यात हात बांधलेले काका लंगडत मागून चालत होते.

चार-पाच फेऱ्या झाल्या. बाबांची चाल मंदावली. काकांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि बाबांच्या पाठीवर सणकन ओढली. "हल रं!"

बाबा थांबले. वळून बघितलं. काकांचा हात वरच राहिला होता.

बाबांनी सदरा काढून खुंटीला टांगला, उघड्या पाठीने पुन्हा जूखाली वाकले आणि चालू लागले.