धक्क्यावरची मरळ

माझ्यासारख्याने मासिकात लिहावे हेच मुळात धाडस आहे. वडील पंचवटीबाहेर भाजीपाला पिकवतात. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. भाषा चुकली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही 'आहे' असे म्हणवत नाही.

फाल्गुनातली दुपार. मी, विणकराचा हुसेन आणि कोळ्याचा दगडू असे तिघे मित्र गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, दगडी धक्क्यावर गळ टाकून बसलो होतो. दगडूचा थोरला भाऊ सोमा थोड्याच दिवसांपूर्वी याच डोहात गेला होता. अडकलेले जाळे सोडवायला त्याने बुडी मारली, आणि खडीच्या खाणीच्या ठेकेदाराने मासे मारायला वरून सुरुंगाची दारू टाकली. "माझा भाऊ खाली हाय," असे दगडू ओरडत होता, तरी टाकली. फौजदारापुढे ठेकेदार म्हणाला, "कोण सोमा? मी ओळखतही नाही."

दगडूच्या घरची रीत अशी, की हंगामातला पहिला मासा कुंकू लावून गंगेला परत द्यायचा. त्या दिवशी त्याला मरळ लागली. कुंकू लावून तो तिला म्हणाला, "सोमाला सांग, तो मानूस अजून हिंडतोय."

हुसेन हसला. "अरे, माशाच्या हाती समन्स धाडतोस काय?"

दगडू हसला नाही. "त्यानं सोमाचं नाव घेत मरावं. दुसरं काय नको."

मरळ सोडली, पण ती गेलीच नाही. पायरीलगत थांबली.

तेवढ्यात रस्त्यावर टांगा थांबला आणि ठेकेदार स्वतःच पाणी प्यायला उतरला. दगडूला पाहून म्हणाला, "काय रे, राहिलेत का मासे? का मीच सगळे नेले?"

दगडू पायरीलगतच्या मरळीकडेच बघत होता.

ठेकेदार वाकला तेव्हा मी पाहिले — पायरीपाशी लहानमोठे कितीतरी मासे येऊन उभे होते. प्रवाहाकडे एकाचेही तोंड नव्हते. सगळ्यांची त्याच्याकडे...

त्याने ओंजळ ओठांशी नेली आणि झटकून टाकली. "खाली कोण आहे?"

"मासे आहेत की, साहेब," हुसेन म्हणाला.

तो न पिताच टांग्याकडे पळाला.

मी सायन्सचा विद्यार्थी. ऊन, सावल्या, मनाचे खेळ — सगळे ताडून पाहिले. अजूनही काही जुळत नाही.

चैत्र सरताना हुसेन सिन्नरच्या बाजाराहून थेट माझ्या खोलीवर आला. बसलासुद्धा नाही.

"ठेकेदार गेला. पाण्याचं भांडं पुढे केलं की किंचाळायचा. डॉक्टरनं कुत्रं चावल्याची खूण अंगभर शोधली. नाही सापडली."

"दगडूला कळलं?"

"आधी त्यालाच सांगून आलो. शेवटी शेवटी ठेकेदार एकच बोलत होता म्हणे — सोमा, सोड रे... मला वर येऊ दे."