नन्नारीचा सोडा

बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडजवळ अण्णांची सोड्याची गाडी असते. ते मूळचे निपाणीकडचे. आलं, गुलाब आणि नन्नारी, म्हणजे आपलं अनंतमूळ, असे तीनच स्वाद. नन्नारीची मुळं ते घरी स्वतः उकळून पाक करतात, आणि बाटलीच्या तोंडातली गोटी अंगठ्याच्या एकाच दाबात आत ढकलतात.

बेळ्ळंदूरला आमच्या सोसायटीतल्या मराठी मंडळींचा मेळावा होता, तेव्हा मी हट्टाने त्यांनाच बोलावलं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. नन्नारीच्या पहिल्याच घोटाला पुण्याच्या एका तरुणाने तोंड वाकडं केलं.

"हे तर औषधासारखं लागतंय!"

मी ओशाळलो. अण्णा मात्र हसले. "स्वल्प थांबा. जिभेला ओळख होऊ दे. आता दुसरा घोट घ्या."

त्याने घेतला, आणि मग गुपचूप दुसरी बाटलीही मागितली. बघता बघता गाडीपुढे रांग लागली. बंगळुरातच वाढलेल्या एक निवृत्त डॉक्टरबाई डोळे मिटून पीत होत्या.

"शाळेबाहेर हाच मिळायचा हो! कुठल्या कंपनीचा आहे?"

अण्णांनी ओले हात पुसले आणि ते ताठ उभे राहिले.

"कंपनी नाही, अक्का. मी करतो."