अक्कांच्या गेटसमोरची जागा

आमच्या कॉलनीत कुत्रं फिरवायचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडले की लगेच कळायचे. दुसऱ्याच्या गेटपाशी थांबायचं नाही. सडा-रांगोळी झालेल्या दारावरून न्यायचं नाही. साखळी आखूड धरायची, आणि समोरून कुणी काठी टेकत आलं तर आपणच रस्ता बदलायचा. माझं माहेर शिवाजी पेठेतलं. तिथं कुत्री गल्लीची असायची, ती आपली आपण तालमीपासून नळापर्यंत फिरून यायची. नव्वदच्या दशकात लग्न होऊन गावाबाहेरच्या ह्या कॉलनीत आले, तेव्हा माणसं कुत्र्याला साखळी बांधून फिरायला नेतात ह्याचं मला हसू यायचं. पुढे आमच्या दारात एक गावठी पिल्लू येऊन राहिलं, साखळी माझ्याच हातात आली आणि हसू गेलं.

"कुत्र्याला फिरवायला न्हाय, दुसऱ्याच्या दारात घाण करायला न्हेत्यात," हे वाक्य मला ऐकू येईल अशा बेतानं बोललं जायचं. बोलणाऱ्या अक्का. आमच्या ओळीतलं शेवटचं घर त्यांचं. माहेर निपाणीकडचं, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि दोन्ही भाषांत आवाज सारखाच मोठा. गेटच्या दोन्ही खांबांना त्यांनी लाल पाण्याच्या बाटल्या बांधल्या होत्या. बाटलीतलं रंगीत पाणी बघून कुत्री घाण करत नाहीत, असं तेव्हा सगळ्या कोल्हापुरानं ठरवलं होतं. कुणी कुंकू कालवायचं, कुणी निळीची पूड टाकायचं. कुत्र्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ती बाटलीचा वास घ्यायची आणि तिच्याच बुडाशी पाय वर करायची.

गंमत अशी की ह्याच गेटच्या आत संध्याकाळी अक्कांचे मालक स्टूल टाकून बसायचे आणि गजांतून हात काढून रस्त्यावरच्या कुत्र्यांना भाकरी घालायचे. बाहेर बायकोच्या बाटल्या, आत नवऱ्याची भाकरी. अक्का स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "आवो, लाज हाय का न्हाय? मी हाकलतो आन तुमी जेवू घालतासा?" ते पुढचा तुकडा मोडायचे. आमचं कुत्रं तर साखळी ताणून तिकडेच ओढायचं. गेटपाशी थांबायचं नाही हा नियम मी तिथं रोज मोडायचे आणि रोज बोलणी खायचे. डोळ्यांनी कमी दिसायला लागल्यावर मालकांनी खांबावर एक बल्ब लावून घेतला होता. दिवेलागणीला तो लागायचा आणि उजाडल्यावर अक्का बंद करायच्या.

मग एका उन्हाळ्यात मालक गेले. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. अक्का मातीला आलेल्या लोकांना पाणी विचारत होत्या, मांडव कुठं घालायचा ते सांगत होत्या. रडल्या नाहीत. बायका त्याबद्दलही बोलल्या.

पाऊस सुरू झाला आणि कुत्री त्या गेटपाशी जायची बंद झाली.

आधी मला वाटलं, भाकरी थांबली म्हणून. पण ते तसं नव्हतं. दुपारी कुत्री तिथं पसरलेली असायची. दिवस मावळून खांबावरचा दिवा लागला की मात्र एकेक उठायचं आणि समोरच्या कडेला जाऊन बसायचं, तोंड गेटकडे करून. आमचं कुत्रं अलीकडच्या घराच्या कुंपणापर्यंत नेहमीसारखं चालायचं आणि तिथं पाय रोवायचं. अंगावरचे केस उभे, शेपूट पोटाखाली. ओढलं तर केविलवाणं कुंईकुंई करायचं. समोर काही नसायचं. ओला मुरूम, पिवळा उजेड, दोन लाल बाटल्या आणि गेटच्या आत रिकामं स्टूल. ते अक्कांनी उचललं नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावायचे. पण खरं सांगते, त्या कुंपणापाशी उभी राहिले की माझ्या मानेवरून काहीतरी सरसरत जायचं आणि मी कुत्र्यापेक्षा जास्त घाईनं मागे वळायचे.

कॉलनीला हे दिसायला वेळ लागला नाही. "कुत्र्यांना दिसतंय," एवढंच म्हणायचे, काय दिसतंय ते कुणी म्हणत नव्हतं. मग सगळे एकदम समजूतदार झाले. कुत्री फिरवणारे मागच्या बोळानं जायला लागले, "अक्कांना त्रास नको" म्हणून. पेपरवाला लांबूनच पेपर फेकायचा. गौरीच्या हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही, त्याला घरातल्या मरणाला वर्ष झालं नसल्याचं निमित्त होतं, पण सहज चहाला जाणंही थांबलं. एका अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर पत्रावळीत भात, गुलाल आणि कापलेलं लिंबू दिसलं. ज्या घरातनं ते आलं होतं, त्या घरातली बाई मला दोन दिवसांपूर्वीच म्हणाली होती, शेजारधर्म म्हणून काहीतरी करायला पाहिजे. मला इतका राग आला की पायानं ते उडवून लावावंसं वाटलं. पण पाय उचलला नाही. भीती वाटली.

अक्कांना वाईट वाटत असेल म्हणून मी एकदा सकाळची त्यांच्याकडे गेले. त्या गेटच्या आत, त्या स्टुलाशेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या.

"तुझं कुत्रं काल बी थांबलं न्हवं?" त्यांनीच विचारलं.

मी काहीतरी सारवासारव केली. पावसाचं पाणी साचतं, त्याला आवडत नाही, असं.

"खोटं कशाला बोलतीस? मला ठावं हाय कोण बसलंय हितं." त्यांनी स्टुलाकडे बघितलंही नाही, फक्त हात त्या बाजूला केला. "रोज दिवा लावतो आन बसतो. दिवसभरातलं सगळं सांगतो. भांडतो बी. मला काय दिसत न्हाय, पर कुत्र्यास्नी दिसतंय न्हवं? तू रोज आणत जा त्याला. चुकवू नको. त्ये थांबलं की मला कळतं, हाईत म्हणून."

आमच्याकडे बाया "येतो, जातो" असंच बोलतात, त्यात नवल नाही. नवल ह्याचं वाटलं की त्यांचा आवाज हळू होता. मी अक्कांना इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. घरात बसलेल्या माणसाची झोप मोडू नये तसं त्या बोलत होत्या.

त्या दिवसापासून मी रोज जायला लागले. सगळ्या कॉलनीनं टाळलेल्या रस्त्यावर मी आणि कुत्रं. अक्का गजांपाशी येऊन उभ्या राहायच्या. कुत्रं कुंपणापाशी थिजायचं. अक्का मान हलवायच्या, समाधानानं, आणि मला "जा आता" म्हणायच्या. मला ते चांगलंही वाटायचं आणि घरी येऊन मी दाराला वरची कडीही लावायचे.

मग नवरात्र आलं. अंबाबाईचे नऊ दिवस आमच्या माहेरी बायका पायात चप्पल घालत नाहीत, मीही घालत नसे. परतीच्या पावसानं रस्ते ओले होते. पहिले काही दिवस मी नेहमीसारखी अलीकडच्या कुंपणापाशीच थांबले. अष्टमीच्या संध्याकाळी अक्कांनी गेटमधून हाक मारली, "कडाकण्या न्हेतीस का गं? आमच्या पोरीनं तळून धाडल्यात." कुत्र्याची साखळी सैल सोडून मी पुढे झाले.

खांबाजवळ पाऊल पडलं आणि तळव्यातून काहीतरी वर चढलं. मुंग्या म्हणाव्यात तर मुंग्या नव्हेत. पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पाय जमिनीनं धरून ठेवल्यासारखा जड झाला. समोर पिवळ्या उजेडात अक्कांचा चेहरा आणि त्यांच्या मागे ते स्टूल. मला तेव्हा विज्ञान आठवलं नाही. मला वाटलं, अक्कांचे मालक इथंच आहेत आणि मी त्यांच्यावर उभी आहे. मी मागे ओढली गेले की मीच मागे सरले, ते आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात लाईट गेली. आमच्या भागात लोडशेडिंग दुपारी असायचं, संध्याकाळी लाईट जाणं नवीन होतं. सगळी कॉलनी एकदम काळी झाली. त्या काळोखात माझ्या हातातली साखळी सरसर पुढे गेली. आमचं कुत्रं चालत होतं. पावसाळाभर जिथं पाऊल टाकलं नव्हतं तिथं ते सरळ चालत गेलं, आणि त्याची शेपूट माझ्या पायाला लागली. ते शेपूट हलवत होतं.

"काय लागलं हे वलं हाताला?" अक्कांचा आवाज आला. मग त्यांना समजलं, ते कुत्र्याचं नाक होतं. "ह्ये का आलं? आज का आलं ह्ये हितं?" त्या घाबरल्या होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घाबरल्या होत्या. "आवो," त्या अंधारात मागे वळून म्हणाल्या, "कुठं गेलासा?"

मी एक पाऊल पुढे टाकलं. जमीन नुसती गार होती. बाकी काही नाही.

लाईट आली. खांबावरचा दिवा लागला त्याच क्षणी कुत्रं किंचाळलं आणि उडी मारून कुंपणापर्यंत मागे गेलं. माझ्या तळव्यात पुन्हा तेच चढलं, आणि ह्या वेळी ते मला ओळखता आलं. आमच्या जुन्या इस्त्रीला हात लावला की असंच व्हायचं.

"बसलं बघ स्टुलावर परत," अक्का म्हणाल्या. गजाला धरून त्या हसत होत्या. टाचा दुखायच्या म्हणून त्यांच्या पायात कायम जाड रबरी चप्पल असायची. चप्पल होती म्हणून त्या उभ्या होत्या. "उद्या खंडेनवमी. सण न्हाय आमाला औंदा, पर गेट धुऊन घेतो पहाटंच. त्यांस्नी घाण खपत न्हाय."

चप्पल भिजू नये म्हणून गेट धुताना अक्का ती पायरीवर काढून ठेवायच्या. मी किती वेळा बघितलं होतं. आणि उजाडल्याशिवाय तो दिवा बंद व्हायचा नाही.

"अक्का, दिवा बंद करा," मी म्हणाले.

"का म्हणून?"

मी सांगितलं. रस्त्यावर उभं राहून, एका दमात, शाळेत सांगते तसं. जमिनीखालून वायर गेली आहे, ती कुठंतरी उघडी पडली असणार, पाऊस पडला की ओल्या जमिनीत करंट उतरतो, कुत्री अनवाणी असतात म्हणून त्यांना लागतो, आपल्याला चपलांमुळे कळत नाही. त्या ऐकत होत्या. सांगून झालं तेव्हा मला वाटलं, आपण एखाद्याच्या घरातून माणूस हाताला धरून बाहेर काढलं.

"तुझ्या पायास्नी लागलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कसं लागलं?"

मी सांगितलं, मुंग्यांसारखं, गुडघ्यापर्यंत. त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत मला दिसला तो राग नव्हता, हेवा होता.

"मग मी येवढं दिवस कुणासंगं बोलत हुतो?" असं म्हणून त्या आत गेल्या. दिवा विझला.

खंडेनवमीला वायरमन मिळणं कठीण होतं, तरी माझ्या नवऱ्यानं एकाला गाडीवर बसवून आणलं. खांबाच्या बुडाशी उकरल्यावर घुशीचं बीळ निघालं. पाईप फुटलेला, वायर कुरतडलेली, तांबं उघडं. मागच्या बोळानं जाणारे सगळे त्या दिवशी पुढून आले. कोपऱ्यावर पत्रावळ ठेवणारी बाईही आली. "आम्हाला वाटलंच होतं," असं एकजण म्हणाला. मी त्याच्याशी त्यानंतर बरेच महिने बोलले नाही.

संध्याकाळी नवी वायर घातलेला दिवा लागला. मी कुत्र्याला घेऊन गेले. ते कुंपणापाशी सवयीनं थांबलं, नाक खाली घातलं, मग सावकाश पुढे झालं. खांबाचा वास घेतला, बाटलीचा घेतला आणि पाय वर केला. मी अक्कांच्या बोलण्याची वाट बघत होते. मला त्या ओरडायला हव्या होत्या.

"परत एकदा ने त्याला," त्या म्हणाल्या.

मी परत नेलं. ते परत तसंच गेलं, आरामात, जीभ बाहेर काढून.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला मी त्यांच्याकडे निघाले. कॉलनीत आपट्याची पानं घेऊन लोक या घरातून त्या घरात जात होते आणि आता अक्कांच्या गेटवरूनही जात होते. दिवा लागलेला होता. स्टुलापाशी रबरी चप्पल काढून ठेवलेली दिसली, अक्का मात्र आत नव्हत्या. त्या गेटच्या बाहेर, खांबाच्या बुडाशी बुजवलेल्या ओल्या मातीवर अनवाणी उभ्या होत्या. दोन्ही पाय जुळवून, खाली बघत. पाठीमागून मी आले ते त्यांना कळलं.

"कायच लागत न्हाय गं," त्या म्हणाल्या.