साचलेली कार्डं आणि आबा

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. मी वाळूजच्या एका कंपनीत तपासणी विभागात होते आणि बजाजनगरात भाड्याच्या खोलीत राहत होते. कंपनीत जपानहून यंत्रांचे नकाशे यायचे. ते वाचणारं माणूस हवं होतं, म्हणून मी औरंगपुऱ्यात एका बाईंकडं जपानी शिकायला लागले. चित्रासारखी ती अक्षरं पाठ करायला मोबाइलवर कार्डांचं ॲप होतं. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला मी टाकलेला मराठी अर्थ. विसरायच्या बेताला आलेलं कार्ड ॲप बरोबर त्या दिवशी पुढं करायचं. रोज वीस मिनिटं पुरायची.

त्या उन्हाळ्यात सिल्लोडकडच्या आमच्या गावातली विहीर आटली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं चुलत्याच्या हवाली केली आणि माझ्याकडं आले. आई आधीच गेलेली. पंधरा दिवसांतच टँकरवरून घागर आणताना ते घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. मग सरकारी दवाखाना, ऑपरेशन, पाण्याची रांग, कंपनीची पाळी. आमच्या गल्लीत तेव्हा महिन्याला एक नवा मजला चढत होता, पाणी मात्र तेवढंच. दोन महिने मी ॲप उघडलंच नाही. उघडलं तेव्हा कोपऱ्यात आकडा होता, अठराशे त्रेचाळीस कार्डं बाकी. मी फोन पालथा ठेवला. क्लासलाही जाईना. बाईंना काय तोंड दाखवणार?

शेवटी त्यांचाच फोन आला. "ये तर खरी," एवढंच म्हणाल्या.

आकडा बघून त्या रागावल्या नाहीत. ड्रॉवरमधून कागदी चिकटपट्टी काढली आणि तिचा तुकडा माझ्या फोनच्या त्या कोपऱ्यावर लावला.

"हा आकडा आता बघायचा नाही. नवीन अक्षरं बंद. रोज साठ जुनी, साठ झाली की उठायचं. जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणायचं."

पहिल्या पाळीहून आले की मी आबांच्या खाटेशेजारी बसायला लागले. निम्मी अक्षरं गेलेली होती. 'थांबणं' आणि 'धरणं' ही दोन तर इतकी सारखी दिसत, की एकदा मला रडूच आलं. पाचव्या दिवशी एका अक्षरावर अडले. आबा मान लांबवून बघत होते.

"मेंढरू हाय ते," ते म्हणाले. "वर शिंगं दिसंना का तुला?"

मी कार्ड उलटलं. अर्थ होता मेंढी.

"आबा, तुम्हाला कसं कळलं?"

"जन्म त्यातच गेला न माय."

दुसऱ्या दिवसापासून फोन त्यांनी हातात घेतला. चौथीपर्यंत शाळा झालेली, मराठी अर्थ त्यांना वाचता यायचे. मी सांगायचं, त्यांनी ताडून बघायचं.

"अडखळली तू. परत येऊ दे हे."

"बरोबर सांगितलं की मी."

"सांगितलं, पर लई येळानं."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. साठ झाली की ते फोन उशीखाली सारत आणि चहा मागत. एकसष्टावं कार्ड त्यांनी कधी दाखवलं नाही.

दसऱ्याच्या आसपास एका दुपारी कार्डं चाळिसातच संपली. पट्टी सोलून पाहिली तर काही बाकी नव्हतं. "मग च्या ठेव," आबा म्हणाले. दिवाळीआधी ते काठी टेकत गावी गेले. मी जपानीची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले आणि नकाशांच्या कामाला लागले.

बाईंचे उपकार विसरणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. आबांना तसं सांगता आलं नाही. लहानपणी ते वर्षातले आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ असायचे आणि आले तरी दाराशी येऊन गेल्यासारखे. सलग अडीच महिने रोज तासभर माझा बाप माझ्याशेजारी बसला, तो त्या साचलेल्या कार्डांपायी. मला त्याचं अजून अप्रूप वाटतं.